सर्वांत जाड कादंबरी

कुसुमताई एकेक पुस्तक तळहातावर तोलून बघत होत्या, बाजारात मेथीची जुडी तोलावी तसं. कॉलेजात आम्हा मैत्रिणींना वेड लावणारा कादंबरीकार उतारवयात पुन्हा सापडला होता, आणि त्याची कुठली कादंबरी एकत्र वाचायची यावर चहा गार होईपर्यंत वाद चालला होता. ताईंना आता अक्षरं दिसत नाहीत. म्हणून दर गुरुवारी आम्ही त्यांच्याच घरी जमतो आणि पाळीपाळीनं मोठ्यानं वाचतो.

"ताई, तुमची ती लहानशीच घेऊ या ना," मी म्हटलं. ती छोटी कादंबरीच काय ती खरी, बाकी सगळा नुसता पसारा, असं त्या जन्मभर ठासून सांगत आल्या होत्या.

"नको. ही घ्या." त्यांनी सर्वांत जाड पुस्तक पुढे सरकवलं.

तरुणपणी आपण शेवट गाठायला वाचतो. पुढे शेवट ठाऊकच असतो. तेव्हा घरात कुणीतरी वाचत बसलेलं असावं, एवढंच हवं असतं.

मी पहिलं पान उघडलं.

"सावकाश वाच गं," ताई म्हणाल्या, "आणि कंटाळवाणी वर्णनंसुद्धा गाळू नकोस."