किशोरीचा रिकामा कॅमेरा

मालवणजवळच्या आमच्या कट्टा गावात बोलिंगचा, चेंडू घरंगळवून पिना पाडायचा खेळ कशाला, असं अख्ख्या गावाचं मला विचारून झालं आहे. मी दाजी. गोव्यातलं एक हॉटेल बंद पडलं, त्यांच्या जुन्या पिना आणि चेंडू मिळाले, आमची काजूची शेड रिकामी होती. खाज असली की माणसाला कारण लागत नाही. पट्टी एकच. पडलेल्या पिना उभ्या करायला पलीकडच्या टोकाला मीच. आणि खेळायचं अनवाणी, कारण उद्घाटनाला गावच्या दत्ताराम पुजाऱ्याने नारळ ठेवून देवाला रक्षणाचं गाऱ्हाणं घातलं आणि सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. आता गाऱ्हाणं झालेल्या जागेवर चपला घालून कोण चढणार?

दोन हजार चारच्या मे महिन्यात किशोरी आली. इथल्याच शेतकरी घरातली मुलगी, कोल्हापूरला फोटोग्राफी शिकायची. परीक्षेसाठी तिला एकाच जागेचे बारा फोटो हवे होते आणि अट अशी, की फोटोत कुणी पोझ दिलेली चालणार नाही. आदल्या वर्षी ह्याच अटीवर ती नापास झाली होती. यंदा नापास तर शिक्षण बंद.

आमच्या लोकांना अट सांगून काय उपयोग? कॅमेरा दिसला की चेंडू खाली, कंगवा बाहेर, हात मांड्यांना चिकटलेले आणि चेहरे रेशनकार्डासाठी करतात तसे. रिक्षावाला शिवा तर घरी जाऊन शर्ट बदलून आला.

तिसऱ्या दिवशी किशोरी मला बाजूला घेऊन म्हणाली, “दाजीनू, कोणाक सांगू नकात. आता मी रोल न घालताच फोटो काढतलंय. कंटाळले की आपसूक माज्याकडे बघूचे थांबतले.”

पोरीचं डोकं बघून मला बरं वाटलं. पुढचे आठ दिवस ती नुसतं बटण दाबत होती. आठव्या दिवशी कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघेना. उद्यापासून रोल घालायचा, असं आमचं ठरलं.

आणि नेमकी त्याच दिवशी चंद्रावती खेळली. मासे विकून झाले की मालवणची एसटी येईपर्यंत ती शेडच्या सावलीत बसायची. साठीची बाई, तोंडाची फटकळ. शिवाने तिला डिवचलं तेव्हा म्हणाली, “लगीन झाल्यापासून मी कायच खेळलंय नाय रे.” पण उठली. पदर खोचला, चेंडू दोन्ही हातांनी धरला आणि वाकून ढकलून दिला. तो इतका सावकाश आला की वाटेतच बसतो की काय असं मला वाटलं. पण दहाच्या दहा पिना आडव्या! चंद्रावती तोंडभर हसत जागच्या जागी उडाली. किशोरीने सवयीने बटण दाबलं.

“गावलो मां फोटो?” चंद्रावतीने विचारलं. सगळ्यांदेखत काय बोलणार? किशोरीने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजाराला खबर. हसतानाचा असा चंद्रावतीचा एकही फोटो नव्हता. मतदार कार्डावरच्या एकुलत्या फोटोत तिचे डोळे मिटलेले. त्यामुळे येईल त्या गिऱ्हाइकाला ती आधी फोटोचं सांगायची, मग बांगड्याचं.

किशोरीला जेवण जाईना. मी सल्ला दिला, “सांग, रोलाक उजेड लागलो. कोणाक काय कळतला?”

“माका जमूचा नाय, दाजीनू.”

“मग खरा कळला की लोक परत पोझ देतले. परीक्षेचा काय?”

मला तिचा राग आला. इतका हट्ट कशाला? पण ती रोल भरलेला कॅमेरा गळ्यात घालून मासळीबाजाराकडे निघाली, तसा मीही मागून गेलो.

“मावशे, त्या दिसा माज्या कॅमेऱ्यात रोलच नाय होतो,” तिने सांगून टाकलं.

चंद्रावतीची सुरी थांबली. “आठ दिस रिकामी पेटी डोळ्याक लावन आमका खेळवलंस? आणि मी सगळ्या बाजाराक सांगान ठेवलंय!” मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “आता आसा रोल? दाखव.”

“उघडलंय तर जळतलो गो.”

“म्हणजे आता पण मी तुज्या तोंडारच विश्वास ठेवूचो?”

किशोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. चंद्रावतीने हात धुतले, पाटी शेजारणीवर सोपवली आणि भर गर्दीच्या वेळी म्हणाली, “चल.”

शेडमध्ये तिने पंचवीस तरी चेंडू टाकले. कधी तीन पिना, कधी एक. शेवटचा तर पट्टी सोडून थेट माझ्या पायावर. मी एका पायावर नाचायला लागलो, आणि ती पोट धरून अशी हसली की शिवाही शर्ट विसरला. किशोरीने तेव्हा बटण दाबलं.

ती पास झाली. सर्वांत जास्त गुण त्याच फोटोला: चंद्रावती हसते आहे, आणि मागे दहाच्या दहा पिना ताठ उभ्या.

मोठी प्रत काढून तिने ती चंद्रावतीला नेऊन दिली, तेव्हा मी तिथेच होतो. एका गिऱ्हाइकाने फोटो नीट निरखून विचारलं, “मावशे, पिनी खंय पडल्यात? सगळ्यो उभ्योच आसत.”

किशोरीने मान खाली घातली. चंद्रावतीने बांगडा उलटा केला आणि बिनदिक्कत सांगितलं, “ह्यो पडूच्या आधीचो. पोरीन वायच घाय केल्यान.”