बाल्झ झोप्फीची बंदूक

हिंटरएग्ग गावाच्या पोस्टात बाल्झ झोप्फीने एकतीस वर्षं काम केलं आणि एवढ्या काळात एकही पत्र चुकीच्या पेटीत टाकलं नाही. हे तो स्वतः कधी बोलला नाही, त्याची बायको डोरली सांगायची. गावात एकाच नावाचे तीन हान्स ऱ्हीनर होते. पाकिटावरचं अक्षर बघून हे पत्र कोणत्या हान्सचं, ते बाल्झला कळायचं.

साठीनंतर त्याचे डोळे मात्र कुरकुर करायला लागले. पत्रांसाठी चष्मा चालला, बंदुकीला तो चालेना. चष्मा लावला की नळीवरची खाच स्वच्छ दिसे आणि तीनशे मीटरवरचा काळा गोल विरघळून जाई. चष्मा काढला की गोल दिसे, पण खाच आणि नळीच्या टोकावरची माशी मिळून नुसता करडा धूर. पंच्याण्णव सालच्या शरदातल्या नेमात, म्हणजे मंडळाच्या नेमबाजी स्पर्धेत, त्याला शंभरात एकसष्ट मिळाले. दोनदा तर समोरच्या खड्ड्यातून लाल फडकं हललं, म्हणजे गोळी फळ्याला शिवलीसुद्धा नव्हती.

बंदूक त्याच्या वडिलांची, मथियास झोप्फींची होती. सैन्यातली, जुन्या बनावटीची. नोकरीची वर्षं संपल्यावर सरकारने त्यांची त्यांना देऊन टाकलेली. शेवटच्या आजारात वडिलांनी त्याला जवळ बोलावून सांगितलं होतं, "तिला हात लावू नकोस. थोडी बिघडलीये, पण आपली आपण ताळ्यावर येईल."

बाल्झने शब्द दिला होता आणि सतरा वर्षं पाळला होता. तेल, चिंधी, बस्स.

त्यामुळे नेमसाधन बदलण्याचा विषय निघाला की तो चिडायचा. सुधारलेलं साधन म्हणजे मागे बारीक भोकाची एक चकती, डायॉप्टर. त्या भोकातून पाहिलं की म्हाताऱ्या डोळ्यालाही माशी आणि गोल दोन्ही दिसतात. पण योस्ट बंदूकवाला ती बसवायची म्हणजे बंदुकीच्या लोखंडात दोन भोकं पाडायचा. गावात पहिल्यांदा ती बसवली मेल्क ऱ्हीनरने, पंधरा वर्षांपूर्वी. मेल्क बाल्झपेक्षा चौदा वर्षांनी मोठा. पण नेमबाजांच्या मंडळात सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात आणि बाल्झने त्याला त्या भोकावरून चिडवायचं सोडलं नव्हतं.

"काय मेल्क, आज खिडकीचा पडदा उघडला का?"

"उघडला ना. आतून तुझे एकसष्ट दिसतायत."

पुढच्या वसंतात मंडळाचा चिटणीस मे महिन्याच्या नेमासाठी नावं घ्यायला आला, तेव्हा बाल्झ म्हणाला, "माझं नको लिहूस."

चिटणीसाने वहीत एक ओळ कोरी सोडली आणि निघून गेला. डोरली बटाटे सोलत होती.

"मग शनिवारी काय करणार?"

"बघू."

"माझ्या मागे मागे फिरणार. कपाटं आवरणार. गेल्या वर्षी पाठदुखीच्या वेळी माझी मिठाची बरणी कुठे ठेवलीस, ती अजून सापडली नाहीये."

"वडिलांना शब्द दिलाय, डोरली."

"योस्टला नुसतं विचार. विचारल्याने भोक पडत नाही."

दुसऱ्या दिवशी बाल्झ खांद्याला बंदूक अडकवून पोस्टाच्या बसमध्ये बसला. शेजारच्या बाईने आपली कांद्याच्या पातीची जुडी मांडीवर घेऊन त्याला जागा करून दिली आणि नातवाच्या दातांबद्दल सांगत राहिली.

योस्टची एक पद्धत होती. कोणाचीही बंदूक आली की आधी तो लाकडी दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी उघडायचा. तिथे सैनिक आपल्या नावाची चिठ्ठी घालून ठेवत. "कोणाशी बोलतोय ते आधी कळायला हवं," असं तो म्हणायचा. त्याने दोन स्क्रू काढले, चिमट्याने पिवळी पडलेली चिठ्ठी बाहेर ओढली आणि वाचली. मग बाल्झकडे पाहिलं.

"तुझ्या वडिलांचं नाव काय म्हणालास?"

"मथियास झोप्फी. तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. हिला नाही." त्याने चिठ्ठी पुढे केली.

बाल्झने चष्मा लावला. निळ्या शाईत लिहिलं होतं: मेल्क ऱ्हीनर, जन्म १९२०, हिंटरएग्ग.

बसची वाट न बघता तो पायीच परत आला. मेल्क ओट्यावर बसून उकडलेल्या बटाट्यावर हिरवं चीज किसत होता. बाल्झने चिठ्ठी ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाला, "तुझी बंदूक आण. आणि पेचकस."

मेल्कने चिठ्ठी वाचली, तोंडातला घास संपवला आणि उठला. त्याच्या बंदुकीची पट्टी गंजून घट्ट बसली होती. ती निघाली तेव्हा आतल्या कागदावर मथियास झोप्फींचं उभं, काटकसरी अक्षर होतं. ते अक्षर ओळखायला बाल्झला चष्म्याची गरज पडली नाही.



"सत्तर सालचा नेम," मेल्क म्हणाला. "'हरीण' खानावळीत. सगळ्यांच्या बंदुका दाराजवळच्या लाकडी घोडीला टेकवलेल्या. पाऊस आला, हाताला लागली ती उचलून सगळे धावले."

"नंबर बघायचा नाहीस?"

"सैन्यातून त्याच वर्षी सुटलो होतो. तपासणी नाही, काही नाही. कोण बघतंय नंबर? तुझ्या बापाने बघितला?"

बाल्झने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"तेव्हापासून ही डावीकडे मारायला लागली," मेल्क सांगत होता. "मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलं. दहा वर्षं भांडलो हिच्याशी. शेवटी वैतागून योस्टकडून चकती बसवून घेतली. त्यालाही म्हटलं, पट्टी-बिट्टी उघडू नकोस, माझं नाव मला माहीत आहे."

"ती बिघडली नव्हती," बाल्झ म्हणाला. "तिचा नेम वडिलांच्या डोळ्याला जुळवलेला होता."

"आणि माझी त्यांच्या हातात उजवीकडे मारत असणार. सत्तरनंतर त्यांनी एकदा तरी कप नेला का घरी?"

नव्हता नेला. ताळ्यावर येईल, असं म्हणत वडील नऊ वर्षं दुसऱ्याचीच बंदूक सुधारायची वाट बघत होते. बाल्झला हे आत्ता कळलं. हसू आलं. त्याने मेल्कच्या ताटातला बटाट्याचा तुकडा उचलून तोंडात टाकला.

"बदलायच्या का?" मेल्कने विचारलं.

बाल्झने वडिलांची बंदूक हातात घेतली. चकतीच्या दोन स्क्रूंवरून अंगठा फिरवला. जिथे गाल टेकतो तिथे लाकूड गुळगुळीत झालं होतं, आणि तो गाल मेल्कचा होता. त्याने ती परत दिली.

"राहू दे. तुझ्या हाताला बसलीये."

"मग ती दुसरी माझीच ना?"

"चिठ्ठीवर तसंच आहे."

"मग मालक म्हणून सांगतो, पाड भोकं. तुझ्या बापाने स्वतःच्या बंदुकीबद्दल शब्द घेतला होता. माझ्या बंदुकीबद्दल नाही."

बाल्झ आठवडाभर यावर विचार करत राहिला. डोरलीने एकदाच विचारलं, मग चिटणीसाला निरोप धाडून कोऱ्या ओळीत नाव भरायला सांगितलं. सोमवारी बाल्झ योस्टकडे गेला. भोकं पाडताना मात्र तो बाहेर जाऊन उभा राहिला.

"आत कोणती चिठ्ठी घालू?" योस्टने आतून विचारलं.

बाल्झने जुनी चिठ्ठी मागून घेतली. एकतीस वर्षं पोस्टात काढल्यामुळे कोणाचं नाव खोडायची त्याला सवय नव्हती. मेल्क ऱ्हीनरच्या नावाखाली त्याने बारीक अक्षरात लिहिलं: द्वारा बाल्झ झोप्फी. घडी घालून ती जागच्या जागी ठेवली आणि पट्टीचे स्क्रू स्वतः आवळले.

मेमध्ये त्याला शंभरात ब्याऐंशी मिळाले. मेल्कला पंच्याऐंशी.

"वाईट नाही," मेल्क म्हणाला. "बंदूक चांगली आहे ती."

बाल्झने दोन्ही बंदुकांकडे पाहिलं. त्या दिवशी त्या घोडीला लावलेल्या नव्हत्या, भिंतीच्या दोन टोकांना उभ्या होत्या.