विक्रेत्याशी नातं

ब्लेड माझ्या हातात होतं.

समोर मामांची गाडी उभी. मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम'. आमचे मॅनेजर सर म्हणाले, "आधी हे खरवड. मग फोटो काढ. हे दिसलं ना, तर गिऱ्हाईक पायरीवरूनच परत जातं."

मी ब्लेड काचेला टेकवलं. 'जय' निघालं. तेवढ्यात मामा पुढं आले.

"मॅडम, हळू. काचंला ओरखडा नका पाडू. आमच्या घरातल्यांनी लावलंय ते."

घरातल्या म्हणजे माझी मामी. तिला जाऊन चार महिने झाले होते. आणि मॅडम म्हणजे मी. त्यांची सख्खी भाची. मॅडम म्हणा असं मीच आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं.

जालना रोडवरच्या त्या शोरूमचं नाव मी लिहीत नाही. महागड्या परदेशी गाड्या विकतात तिथं. मी जुन्या गाड्यांच्या विभागात होते. कुणी गाडी विकायला आणली की ती तपासायची आणि भाव काढायचा, हे माझं काम. पत्रा कुठं बदललाय, रंग कुठं पुन्हा मारलाय, हे मी यंत्र लावायच्या आधी बोट फिरवून सांगायचे. बाई गाडी तपासते म्हणून लोक सुरुवातीला हसायचे. नंतर हसायचे बंद झाले. वडील लवकर गेले, माझ्या डिप्लोमाची फी मामांनी भरली. हे काम मला आलं ते त्यांच्यामुळं.

आमचं आडनाव दोन्हीकडं चालतं. पाटलाच्या घरात सापडतं, आमच्या वस्तीतही सापडतं. पहिल्या दिवशी सरांनी गाव विचारलं. मी म्हणाले, अजिंठ्याकडचं. ते आडनाव वाचून खूश झाले. "म्हणजे आपल्यातलीच की!"

मी गप्प बसले. खोटं बोलले नाही, नुसती गप्प बसले. ते गप्प बसणं तीन वर्षं चाललं. चौदा एप्रिलला सुट्टी असायची, पण सेल लागला की सर कामावर बोलवायचे. मग मी दात दुखतोय म्हणून सांगायचे. दर वर्षी नेमका त्याच दिवशी माझा दात दुखायचा. कुणाला संशय आला नाही.

आणि तो रकाना. तपासणीच्या फॉर्मवर सगळ्यात खाली असायचा. 'प्रोफाइल.' जुनी गाडी घेणारा पहिल्यांदा विचारतो, आधीचा मालक कोण? डॉक्टरची गाडी म्हटलं की भाव चढतो. गाडीच्या कागदावर आमच्यातलं नाव असलं, मुसलमानाचं असलं, तर सर त्या रकान्यात वजाबाकी करायला लावायचे. लाख. दीड लाख. विकणाऱ्याला सांगायचं, सध्या मार्केट डाऊन आहे. पुढं तीच गाडी विकताना सर कागद सगळा सौदा झाल्यावर दाखवायचे आणि भाव पूर्ण घ्यायचे. म्हणजे नावाला खोट होती ती फक्त विकत घेताना. मला हे पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तरी रकाना मी भरत होते. माझंच अक्षर चांगलं होतं.

मामा वीज खात्यात इंजिनिअर होते. रिटायर झाले आणि त्यांनी ही जर्मन गाडी घेतली, कोरी. तेव्हा मी कॉलेजात होते, त्यांच्यासोबत गेले होते. शेजारच्या टेबलावर एक बागायतदार बसला होता. त्यानं टेबलावर हात आपटला, कुणालातरी फोन लावला, दोन लाख कमी करून घेतले आणि वर विमा फुकट. तीच गाडी, तोच रंग. मामांनी छापील किंमत वाचली आणि पूर्ण रकमेचा चेक लिहिला. बाहेर आल्यावर मी चिडले. मामा, भाव करायचा असतो!

ते म्हणाले, "आपण भाव केला का म्हणत्यात, ऐपत नव्हती तर आले कशाला. त्यांनी केला तर हुशारी. आपल्याला नाय जमत ते, बाई."

मामीनं पडेगावच्या चौकात ती निळी अक्षरं घेतली आणि तिथंच काचेवर लावली. आत हवेचे फुगे राहिले होते, ते तिनं पदरानं दाबून दाबून काढले. त्यानंतर दर पौर्णिमेला दोघं त्या गाडीतून विद्यापीठामागच्या लेण्यांवर जायचे. मामी पुढं बसायची.

ती गेली. मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, गाडी चालवणं होईना. त्यांनी ठरवलं, गाडी विकायची आणि गावात मामीच्या नावानं पोरींसाठी अभ्यासिका बांधायची. फोनवर आनंदानं सांगत होते, "तू हायस तिथं, मंग काय काळजी. भाव नीट लागंल."

आणि मी म्हणाले, "मामा, तिथं मला ओळख देऊ नका."

ते म्हणाले, "बरं." का, असं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मला लाज तरी वाटली असती.

फॉर्मच्या पहिल्या पानावर एक ओळ असते. विक्रेत्याशी नातं : आहे / नाही. सकाळी मी मामांच्या देखत 'नाही'वर खूण केली. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं आणि खाली सही केली.

गाडीत खोट नव्हती. एकही पत्रा बदललेला नाही, रंग कंपनीचा, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या फाईलमध्ये. एकोणीस लाख सरळ भाव होता. सर कागद घेऊन आले, नाव वाचलं आणि हसले. आवाज काही कमी केला नाही.

"गाडी एक नंबर आहे यार. पण नाव बघ ना. सरकारचे जावई! फुकटात शिकायचं, फुकटात नोकरी, आणि गाडी जर्मन. दीड लाख उणे कर."

मामांनी ऐकलं. त्यांनी सरांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं होतं रागानं बघतील. राग नव्हता. काळजी होती. आपल्यामुळं पोरीची नोकरी जाईल की काय, ही काळजी. ती नजर मला अजून झोपू देत नाही.

त्यानंतर सरांनी माझ्या हातात ब्लेड दिलं. मी 'जय' खरवडलं. आणि मामांनी मला मॅडम म्हटलं.

हात थांबला. पुढं जाईचना.

ब्लेड मी डिकीवर ठेवलं. फॉर्म घेतला. 'नाही'वर काट मारली. शेजारी लिहिलं, सख्खे मामा. भाव लिहिला, एकोणीस लाख. प्रोफाइलचा रकाना कागदासकट फाडून काढला आणि उरलेला फॉर्म सरांच्या हातात दिला.

"हे काय?"

"माझे मामा आहेत."

त्यांना कळायला वेळ लागला. मग चेहरा बदलला. "म्हणजे तू पण?"

"व्हय."

तीन वर्षांत त्या इमारतीत मी पहिल्यांदा व्हय म्हणाले. तोवर सगळं येस सर.

"तीन वर्षं फसवलंस आम्हाला," सर म्हणाले. मला रडू आलं, कारण फसवलं होतंच मी. पण त्यांना नव्हतं.

मामांनी टेबलावरची किल्ली उचलली. "आमची गाडी नाय विकायची इथं." एवढंच. त्या अधू डोळ्यांनीच गाडी सुरू केली, हळूहळू रस्त्याला लावली. मला बस म्हणाले नाहीत. मी गळ्यातलं ओळखपत्र काढून हातात धरून जालना रोडवर उभी राहिले.

रविवारी पडेगावला मामांच्या घरी गेले. गाडी पत्र्याखाली उभी होती. काचेवर एकटं 'भीम'. मामांनी स्वतः चहा केला. मी रडले, माफी मागितली. त्यांनी कप खाली ठेवला.

"मागनं बोललीस, ते बरं केलंस. पर आधी 'नाही' लिहिलंस, ते मी वाचलंय. तुझी मामी हे बघायला नव्हती, बरं झालं."

त्यांनी मला जवळ घेतलं नाही. मीही तशी अपेक्षा धरून गेले नव्हते, असं म्हणणार होते, पण धरली होती.

मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, गाड्या राहतात. डाव्या दाराला खळगा असलेली पांढरी. शहागंजच्या डॉक्टरीणबाईंची काळी, तिच्यात अत्तराचा वास होता. ती खरं तर डॉक्टरची गाडी, तिचा भाव चढायला हवा होता. नाव वाचून मी तिचेही पैसे कापले. अशा चौदा गाड्या मला आठवतात. चौदा मालक, मार्केट डाऊन आहे असं ऐकून मुकाट सही केलेले.

त्यांची घरं मी शोधून काढते आहे. प्रत्येक दारात आधी मी कोण, कुठल्या वस्तीतली, हे सांगणार. मग सांगणार, तुमच्या गाडीत खोट नव्हती. पैसे तुमच्या नावाचे कापले होते आणि कापणारी मी होते. त्यांनी दार लावलं तर लावू देत. तक्रार केली तर पहिली साक्ष माझी, माझ्याच अक्षराची.

पडेगावचं, मामांचं दार झालं. उद्या सकाळी उस्मानपुरा.