पाळणाघराची तपासणी

साल दोन हजार तेवीस. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंतच, पण नुसत्या आवाजावरून कापड विणणाऱ्या लूमचा कुठला नट ढिला आहे हे सांगणारा सबंध भिवंडीत मी एकटाच होतो, असं मी आजही म्हणतो.

सूनबाईला वडप्याच्या गोदामात पॅकिंगचं काम लागलं होतं. उद्या हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. मुलगा ट्रकवर, बायको देवाघरी, आणि दीड वर्षाच्या नातीमागे धावायला माझे गुडघे तयार नाहीत. मागच्या गल्लीत एका बाईंनी राहत्या घरात पाळणाघर काढलं होतं. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही बघून या. तुम्ही हो म्हणालात तरच मी जाते."

मला चेवच चढला. चाळीस वर्षं लूम तपासले, एक पाळणाघर तपासता येणार नाही?

न सांगता गेलो. शेठ येणार कळलं की कारखान्यात सगळेच झाडू मारतात. दुपारी दोनला दार वाजवलं. जाळीच्या दाराला आतून कडी, तीही उंचावर. बाईंनी नाव विचारलं, कुणाकडचे ते विचारलं, मगच कडी काढली. मी खूश. सिलिंडर बाहेर, प्लगवर चिकटपट्ट्या. मोरीत मात्र बादली भरलेली.

"ही कशाला?"

"भांड्यांना, काका."

"पोर उलटं पडलं तर वीतभर पाणी पुरतं."

बाईंनी वाद न घालता बादली तिथंच उपडी केली. मी आणखी खूश.

मग आतल्या खोलीत पाय टाकला आणि डोकं तापलं. सहा पोरं ओळीनं झोपलेली. भिंतीपलीकडे लूमचा कारखाना, खटखट अशी की दातांना जाणवावी, आणि एकही पोर हलत नव्हतं. मी एकाच्या कानाशी टाळी वाजवली. ढिम्म!

"काय पाजलंस पोरांना?" मी ओरडलो.

"काय म्हणालात?"

"झोपेचं औषध! या आवाजात सहाच्या सहा पोरं झोपतात होय? मला नको शिकवू!"

बाई लालबुंद झाल्या. "डबे बघा, कपाट बघा, माझी पर्स बघा. आणि काही नाही सापडलं ना काका, तर गल्लीत उभं राहून माफी मागायची."

"मागीन! सापडलं तर गल्ली गोळा करीन!"

मी डबे उघडायला लागलो. साखर, रवा, नाचणी. चौथा डबा हातात होता तेवढ्यात लाईट गेली. पलीकडचे सगळे लूम एका दमात थांबले. घरात शांतता पसरली, आणि सहाही पोरं टक्क जागी होऊन एका सुरात रडायला लागली!

मी डबा धरून तसाच उभा. अरे, हे मला कुणी सांगायला हवं होतं? माझा मुलगा लूमशेजारी साडीच्या झोळीत वाढला. लूम थांबले की तो दचकून उठायचा. शुक्रवारच्या सुट्टीला कारखाना बंद असला की दुपारी माझाच डोळा लागत नसे.

बाईंच्या कडेवर एक, पायाला दुसरं. "बघत काय बसलात, काका? डबा ठेवा आणि त्याला उचला! आता लाईट येईस्तोवर आपली सुटका नाही."

मी दोघांना उचललं. तसाच दारात गेलो आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो, "बाईंची चूक न्हाय, माझी हाय! मी माफी मागतो!" समोरच्या ओट्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. हसू देत. शब्द दिला होता, पाळला.

घरी येऊन दारातूनच हाक दिली, "सूनबाई, उद्याच्या ड्युटीचे कपडे काढून ठेव!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला गोदामाच्या गाडीत चढवलं, नातीला काजळ लावून खांद्यावर घेतलं, आणि बाईंनी कडी काढायच्या अर्धा तास आधीच त्यांच्या पायरीवर जाऊन बसलो.