कोंडायचा, धरायचा न्हाय

"थांब रं. जाव नको. येव दे त्याला."

हे वाक्य आमच्या ऑफिसात रविवारी सकाळी हमखास ऐकू यायचं. बोलणारा माणूस खुर्चीतून अर्धवट उठलेला असायचा, गुडघे वाकलेले, दोन्ही हात बाजूला पसरलेले. समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजचा, हेल्मेट घातलेला, रेड्याच्या अंगाचा पोरगा. त्या पोराला मराठी कळत नाही आणि मॅच कालच संपली आहे, हे कुणी सांगायला गेलं तर ते म्हणायचे, "ठाव हाय मला. पण चुकतोय ना तो."

आम्ही त्यांना दादूस म्हणायचो. भाईंदरजवळच्या मोरव्याच्या कोळीवाड्यात मोठ्या भावाला म्हणतात तसं. पन्नाशी उलटलेली, केस पांढरे, उजवा गुडघा कामातून गेलेला, आणि बारा महिने अंगावर ट्रॅक पँट. मी हुद्द्यानं त्यांची वरिष्ठ होते, म्हणून चारचौघांत ते मला मॅडम म्हणायचे. चहाला खाली उतरलो की ताय.

तुम्ही म्हणाल, भाईंदरमध्ये बसून अमेरिकेतल्या कॉलेजातल्या पोरांचे खेळ कोण बघतं? आम्ही बघतो, आणि त्याचा पगार मिळतो. पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत खाली स्टीलची भांडी पॉलिश होतात आणि वरच्या गाळ्यात आम्ही वीसेक जण व्हिडिओ बघतो. प्रत्येक डावात कोण कुठे उभा होता, कोण कुठे धावला, कोणी कोणाला पाडलं, ते नोंदवून तिकडच्या प्रशिक्षकांना पाठवायचं. मी दादरहून इथे जेसल पार्कला राहायला आले तेव्हा घराजवळ काम हवं होतं, म्हणून हे धरलं. खेळाशी माझा संबंध शाळेतल्या लंगडीपुरता.

या खेळाला ते फुटबॉल म्हणतात आणि त्यात पायाचा उपयोग मुख्यतः पळायला करतात. सुरुवातीला मला याचाच राग यायचा. चेंडू आधी एका पोराच्या हातात येतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. तो चेंडू लांब फेकतो नाहीतर शेजारच्याला देतो, आणि तेवढ्यात समोरची धिप्पाड पोरं त्याला आडवं करायला धावतात. बरेचसे क्वार्टरबॅक जागेवर उभे राहून फेकतात. पण काही पोरं अशी असतात की जरा फट दिसली, की चेंडू काखेत मारून स्वतःच पळत सुटतात. अशा पोराला अडवायचं कसं, यावर तिकडे मोठमोठ्या पगाराची माणसं डोकं खाजवत बसलेली असतात.

दादूसची हयात अशाच पोरांना अडवण्यात गेली होती. तरुणपणी ते मोरव्याच्या संघातून कबड्डी खेळायचे, उजव्या कोपऱ्याला. गुडघा गेल्यावर खालच्या भांड्यांच्या कारखान्यात फिटर झाले, तिथलं काम कमी झालं तसे जिना चढून आमच्याकडे आले. मुलाखतीत त्यांना विचारलं, हा खेळ माहीत आहे का. ते म्हणाले, "खेळ कोनचा पन असूदे. पळनारा एकच असतो, बाकी सगळे अडवनारे." नोकरी मिळाली.

त्यांनी मला तो खेळ कबड्डीतून शिकवला. चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या, बिस्किटं मांडून. पळणाऱ्या पोराच्या अंगावर सगळ्यांनी एकदम जायचं नाही, कारण तुम्ही झेप घेतली की तो तुमच्या बाजूनं निघून जातो आणि तुम्ही मातीत तोंड घालून पडता. कडेच्या दोघांनी कड सोडायची नाही, आतून कितीही मोह झाला तरी. मधल्यांनी हळूहळू पुढे सरकायचं. एकानं फक्त त्याच्यावर डोळा ठेवायचा, तो डावीकडे तर आपण डावीकडे. आणि त्याला पाठ दाखवायची नाही, पाठ केली की तो गेलाच. थोडं थोडं देत राहायचं, पण मोकळी वाट द्यायची नाही. "आधी कोंडायचा, ताय. धरायचा न्हाय. कोंडला ना, का तो सोताच थांबतो."

त्यांच्या लेखी त्या खेळातला खरा मोठा माणूस म्हणजे कडेला नुसता उभा राहिलेला. आमच्या कामात मात्र ज्यानं पाडलं त्याचंच नाव लिहायचं असतं. दादूस हट्टानं शेऱ्याच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, कडेचा चांगला उभा राहिला. एकदा तिकडून मेल आली की ही कोणती परिभाषा आहे, कृपया खुलासा करावा. मी खुलासा केला आणि दादूसना समज दिली. पुढच्या रविवारी त्यांनी परत लिहिलं.

अमेरिकन पोरांची नावं त्यांना जमायची नाहीत, म्हणून त्यांनी सगळ्यांची मोरव्यातली नावं ठेवली होती. एक क्वार्टरबॅक होता, साप वळवळावा तसा पळायचा. त्याला ते आपल्या मुलीच्या नावानं, प्रणाली म्हणायचे.

खरी प्रणाली एकदा बघाच म्हणून ते मला संध्याकाळी मोरव्याला घेऊन गेले. मिठागरांच्या कडेला मातीचं मैदान, चुन्याच्या रेषा, आणि दादूस गावच्या मुलींना शिकवतायत. सात मुली एका बाजूला आणि समोर एकटी प्रणाली, कॉलेजात जाणारी, किडकिडीत, वेणी टीशर्टात खोचलेली. ती चढाईला आली. मुली शिकवल्याप्रमाणे अंगावर गेल्या नाहीत. कोपऱ्यातल्या कोपऱ्यात राहिल्या, मधल्या दोघी हातात हात धरून साखळी करून पुढे सरकल्या. बघता बघता तिच्याभोवतीची जागा आकसली. मला वाटलं, सापडली. तर ती साखळीकडे तोंड करून क्षणभर उभी राहिली, एकीच्या खांद्याला बोट लावलं आणि दोघींच्या हातांखालून वाकून मधल्या रेषेपलीकडे.

दादूसनी मांडीवर थाप मारली. स्वतः लावलेली साखळी तुटल्याचा इतका आनंद झालेला प्रशिक्षक मी पाहिला नव्हता. "ही एकलीच सुटते माझ्या हातून," ते म्हणाले.

तुम्हाला आता कळलं असेल की पुढे काय वाढून ठेवलं होतं. गावच्या स्पर्धेला पुण्याच्या एका प्रशिक्षण केंद्राच्या बाई आल्या होत्या. त्यांनी प्रणालीला हेरलं. तिथे राहायचं, शिकायचं, खेळायचं. पोरीला तेच हवं होतं, लहानपणापासून. तिची आई भाईंदर पश्चिमेच्या बाजारात मासळी विकते, तिनं तर त्याच दिवशी पोरीसाठी नवी बॅग आणली.

दादूस नाही म्हणाले नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. ते म्हणाले, परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली, तर नारळी पुनव होऊ दे, दर्याला नारळ गेला की बघू. पुनव झाली, तर तिच्या घोट्याला एकदा डॉक्टर दाखवू. घोटा ठणठणीत निघाला, तर भाऊ येऊ दे. भाऊ म्हणजे प्रणालीचा, दादूसचा थोरला मुलगा, जहाजावर नोकरीला. तो आधी सहा महिन्यांनी यायचा, मग वर्षानं, आता फोन करतो. त्याच्याबद्दल दादूस एकदाच बोलले होते, "एक सुटला."

त्यांची बायको मला बाजारात भेटली तेव्हा पापलेट निवडता निवडता म्हणाली, हा माणूस घरात पण पकडीच लावत बसलाय. मी हसले, पण पापलेटचे पैसे देऊन घरी येईपर्यंत हसू गेलं होतं. दुसऱ्या दिवशी टपरीवर मी त्यांना विचारलंच.

"दादूस, पोरीला अडवताय का?"

"मी कुठं धरलीय तिला?"

"धरली नाही. कोंडताय."

त्यांनी चहा अर्धा टाकला आणि जिना चढून वर गेले. पुढचे काही दिवस मला मॅडम म्हणत होते, खालीसुद्धा.

मग एका रविवारी तो सापासारखा पळणारा क्वार्टरबॅक पडद्यावर आला. त्या दिवशी समोरच्या संघानं सगळं दादूसच्या पुस्तकाप्रमाणे केलं होतं. कडेच्यांनी कड सोडली नाही. एक जण नुसता त्याच्यासमोर सरकत राहिला. पोरानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, जागच्या जागी दोन पावलं टाकली. मग कुणी हात लावायच्या आधी तो स्वतःच गुडघा टेकून खाली बसला, म्हणजे डाव सोडून दिला. आमच्या खोलीत टाळ्या वाजल्या, अहो, शेवटी दादूसचाच डाव. दादूसनी तो तुकडा मागे घेऊन पुन्हा बघितला, आणि पुन्हा.

"पोरगा बसला की वो खाली," ते म्हणाले.

खाली आल्यावर त्यांनी सांगितलं. आदल्या संध्याकाळी मैदानावर शेजारच्या घरातली एक लहान मुलगी प्रणालीचे बूट घालून आली होती. कबड्डीचे, आईनं मासळीच्या पैशातून घेतलेले. प्रणालीनं देऊन टाकले होते. ती स्वतः तर गेला महिनाभर मैदानावर फिरकलीच नव्हती आणि दादूस समजत होते की कॉलेजचा अभ्यास असेल.

"मी विचारला, बूट का दिलेस? म्हनते, आता मला कशाला लागतायत बाबा. चिडली न्हाय ताय. भांडली न्हाय. भाकरी थापत होती, थापत ऱ्हायली." मग कप खाली ठेवून म्हणाले, "मला वाटला व्हता, भांडंल. कुठून तरी निघंल. ती तर थांबलीच."

मला त्या वेळी त्यांची फार दया आली आणि त्याहून जास्त त्या पोरीची. मी म्हटलं, पुण्याला फोन लावा. त्यांनी तिथेच लावला. बाई म्हणाल्या, जागा अजून एक आहे, पण इतके दिवस गेलेत, तिची पुन्हा चाचणी घ्यावी लागेल, येत्या शनिवारी या. दादूसनी फोन खिशात टाकला आणि मला म्हणाले, संध्याकाळी ग्राउंडवर या.

मी गेले. प्रणालीला तिच्या आईनं जवळजवळ ढकलतच आणलं होतं. पायात नवे बूट, चेहऱ्यावर काही नाही. मुली उभ्या राहिल्या. उजव्या कोपऱ्यातल्या मुलीला दादूसनी बाजूला केलं आणि तिच्या जागी स्वतः उभे राहिले, गुडघ्याला पट्टा बांधून.

पहिली चढाई. ती आली, रेषा ओलांडली, उभी राहिली आणि परत गेली. दुसरीही तशीच. मुली जागा आवळत होत्या, ती आवळू देत होती. तिसऱ्या वेळी साखळी अगदी जवळ आली. आता पकडतील हे सगळ्यांना दिसत होतं, तिलाही दिसत होतं. ती हात खाली सोडून उभी होती. तो पडद्यावरचा पोरगा उभा होता ना, तशी. उघडी म्हणावी अशी एकच बाजू होती आणि तिथे दादूस.

आणि दादूस गेले. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांना जाव नको म्हणून सांगितलं, ते कड सोडून दोन्ही हात पुढे करून थेट तिच्या पायांवर झेपावले. नवशिका पोरगा जातो तसे. तिनं पाय उचलला, बस. दादूस मातीत तोंडावर आडवे, आणि त्यांच्या जागेवर मोकळी वाट. प्रणालीनं त्यांच्याकडे बघितलं, मग त्या वाटेकडे. आणि ती निघाली. मधली रेषा आली तरी थांबेना, पार मिठागराच्या बांधापर्यंत पळत गेली.

मुली धावल्या. एक म्हणाली, "दादूस, तुमीच गेलाव अंगावर?"

"चुकी झाली," दादूस म्हणाले. त्यांच्या दातांत माती होती. उठायला दोघींनी हात दिला तेव्हा गुडघा धरून हसत होते आणि डोळे पुसत होते, आणि माती गेली डोळ्यात, असं सगळ्यांना सांगत होते. माझा त्या चुकीवर विश्वास नाही. इतकी वर्षं मी त्या माणसाला बघत होते.

शनिवारी पहाटे वरसाव्याच्या पुलाजवळ त्यांनी तिला घेऊन पुण्याची बस धरली. चाचणी झाली, जागा मिळाली, ते एकटे परतले. गुडघा मात्र त्या संध्याकाळनंतर कायमचाच बसला आणि आमचा जिना त्यांना चढवेना. काही महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. आता सकाळी बायकोबरोबर बाजारात बसतात, मासळी तोलून देतात, आणि पुण्याला मॅच असली की टोपली झाकून जातात. खुर्ची आम्ही दुसऱ्याला दिली. चांगला मुलगा आहे, पडद्याकडे बघून बोलत नाही.

रविवारी अजून व्हिडिओ येतात. कधी तरी कडेचा एखादा पोरगा मोह न आवरून झेप घेतो, तोंडावर पडतो, आणि क्वार्टरबॅक त्याच्या बाजूनं मोकळा पळत जातो. आमच्या कामात त्याला चुकलेली पकड एवढंच लिहायचं असतं, दुसरा पर्याय नाही. मी तेच लिहिते. पण त्याआधी तो तुकडा एकदा मागे घेऊन, पडलेल्या पोराचा चेहरा दिसतो का ते बघते.