कोचनी सोडलेली जागा

कोचच्या रिंगणात एक जागा नेहमी मोकळी असायची. अबुधाबीत शुक्रवारी सकाळी आमच्या तेल कंपनीच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉल चाले. त्यात प्रत्येक डावाआधी खेळाडू डोकी खाली घालून, खांद्याला खांदा लावून गोल उभे राहतात. कोच मात्र एका माणसाचं अंतर सोडायला लावत. कुणी नकळत सरकून ते बुजवलं की म्हणत, "यल्ला, सरका. तो उभा आहे तिथे." आधी आम्ही हसायचो. थंडीत समुद्रावरून धुकं आलं की मात्र त्या बाजूला बघायची माझी हिंमत होत नसे.

मी हिशेब खात्यातला. पुण्यात शाळेत खो-खो खेळलो होतो, तेवढ्या भांडवलावर मला संघात ओढलं होतं. प्रत्येक धडकेनंतर कोच हनुवटी धरून माझ्या डोळ्यांत बघत आणि विचारत, "हाऊ इज द हेड?" एकदा मी वैतागलो, "माझी आईसुद्धा इतकं विचारत नाही!" ते हसले नाहीत. परतताना गाडीत त्यांनी सांगितलं. अमेरिकेत ते एका व्यावसायिक संघाचे कोच होते. एक तरुण खेळाडू म्हणाला, डोकं जड झालंय. हे म्हणाले, एकच डाव, मग बस. त्या डावानंतर तो उठलाच नाही. "मॅच आम्ही जिंकलो," कोच म्हणाले. सिग्नल हिरवा झाला तरी त्यांनी गाडी हलवली नाही.

पुढे त्याच संघानं त्यांना परत बोलावलं. कोच शीळ घालत फिरू लागले. त्यांचा जीव त्या मोठ्या मैदानातच अडकला होता, हे आम्हाला दिसत होतं.

त्याच आठवड्यात दुबईच्या संघाशी सामना होता. धुकं इतकं, की पलीकडचे खांब दिसत नव्हते. एका धडकेत मी आपटलो, पण लगेच उठलो. "मस्त आहे मी, हबीबी!" मी खोटंच सांगितलं. रिंगण झालं. कोच मोकळ्या जागेकडे कान लावून उभे राहिले. मग मला म्हणाले, "खलास. तू बाहेर."

"पण का?"

"त्यानं सांगितलं."

सामना आम्ही हरलो. मी फुरंगटून गाडीत बसलो आणि वाटेतच ओकलो. डोक्यात रक्तस्राव झाला होता. आणखी एक धडक बसली असती तर हे लिहायला मी नसतो.

इस्पितळातून मी घरी आल्यावर कोच भेटायला आले. बायकोनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला, तसे ते चटका बसल्यासारखे मागे सरले. "नको! त्या मुलाच्या आईसमोर मी अजून गेलेलो नाही." मग हळूच विचारलं, "तुम्ही तिच्या जागी असता, तर मला घरात घेतलं असतं?"

बायकोनं त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. "माहीत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही याल म्हणून वाट मात्र बघितली असती."

कोचनी अमेरिकेतल्या संघाला नकार कळवला आणि त्या आईच्या गावाचं तिकीट काढलं. विमानतळावर मी सोडायला गेलो. निरोप घेऊन ते वळले, दरवाजाशी बाजूला झाले आणि आधी कुणालातरी आत जाऊ दिलं. तिथे कुणीच नव्हतं.

त्यानंतर त्यांची खबर नाही. त्या माउलीनं दार उघडलं असेल का, या विचारानं मला अजून हुरहुर लागते.