जनूच्या पडवीतलं इरलं

जनूबद्दल दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याला जवळून पाहिलेले आता फारसे उरले नाहीत, आणि त्याला ओळखण्यात माझ्याइतकी मोठी चूक कोणीच केलेली नाही. तेव्हा मलाच लिहावं लागतंय.

बदलापूर गावात आमची घरं एका भिंतीची. जनू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, हातापायांनी लांबलचक. बांधाच्या बिळात हात घालून खेकडा काढायचा आणि तो चावला की त्यालाच शिव्या द्यायचा. मी सातवी पास झालो तेव्हापासून मला मास्तर म्हणायचा. लावणीला माझी रोपं लांब लांब पडली की सगळ्यांदेखत ओरडायचा, "मास्तर, रोपं लावतंस का शालंत पोरं बसवतंस?" बायका हसायच्या. मला राग यायचा नाही. एखाद्या दिवशी तो ओरडला नाही तरच चुकल्यासारखं व्हायचं.

पावसात आम्ही सगळे इरली घालायचो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाची पानं. डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकली जाते आणि दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. इरलं घातलेला माणूस मागून उपड्या होडीसारखा दिसतो. जनूची बायको ठमाबाई इरलं फार घट्ट बांधायची. शेवटची गाठ ती उलटी, आतल्या बाजूला मारायची. जनूच्या इरल्याच्या शेंड्याला तिने आपल्या जुन्या लुगड्याच्या लाल काठाची वेणी बांधली होती, हरवू नये म्हणून. हरवायचं कारण असं, की आमच्या आळीत इरली पडवीत खुंटीला टांगलेली असायची आणि निघणारा माणूस हाताला येईल ते उचलायचा. संध्याकाळी परत आणून टांगायचा. विचारायची पद्धत नव्हती. ते लाल वेणीचं इरलं मी स्वतः कितीदा तरी घातलं होतं.

१९५२ सालच्या आषाढात मुलं पळवणारे फिरताहेत अशी आवई उठली. टेकचंद नावाचा कापडवाला तेव्हा उल्हासनगरच्या निर्वासितांच्या छावणीतून पायी यायचा. सगळं मागे सोडून आलेला माणूस. पाठीवर गाठोडं, तोंडात 'भाभी, देखो तो सही'. त्या दुपारी नदीकडच्या वाटेवर तीस-चाळीस माणसांनी त्याला घेरलं आणि मारून टाकलं. गाठोड्यात कापडच होतं.

मी ओढ्याच्या अलीकडे होतो. पाऊस असा, की समोरचं झाड दिसू नये. मला दिसल्या त्या पाठी. सगळी इरलीच इरली, आणि त्यांत एक लाल वेणी. मी पुढे गेलो नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

हवालदाराने विचारलं, "कोण कोण होतं?"

मी म्हणालो, "जनूचं इरलं होतं."

त्याने लिहिलं, जनू होता. वाचून दाखवलं तेव्हा मी मान हलवली. खोटं बोलतोय असं मला वाटलंच नाही. त्याने ते वाचलं आणि मला इरल्याखाली जनूचा चेहराही दिसायला लागला. तो आधी दिसला नव्हता, हे कळायला मला फार दिवस लागले.

मग कल्याणला ओळखपरेड. मॅजिस्ट्रेटसमोर दहा माणसं ओळीने उभी होती. त्यांत जनू. लहानपणापासूनच्या शेजाऱ्याला ओळखायला परेड कशाला, हे मला विचारता आलं नाही. मी सरळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो भेटायला आलोय असं समजून हसला.

"आयलास का रं मास्तर? जेवलास?"

त्याचा खांदा हाताखाली तसाच हसत होता, आणि मागे लेखनिक लिहीत होता.

ठाण्याच्या कोर्टात गुरुदत्त नावाचे तरुण वकील जनूच्या बाजूने उभे होते. त्यांनी विचारलं, "तोंड पाहिलंत?"

"इरल्यात तोंड दिसत नाही साहेब. पण इरलं जनूचंच."

"दुसऱ्या कोणी घातलं असेल तर?"

इथे मला एवढंच सांगायचं होतं, की आमच्याकडे कोणीही घालतं. पण समोर टेकचंदची बायको बसली होती, डोक्यावरून पदर घेतलेली, माझ्या तोंडाकडे बघत. तिला देण्यासारखं माझ्याकडे एकच नाव होतं. ते काढून घेतलं तर तिच्या हातात काय राहणार? शिवाय जबाब फिरवलास तर तुलाच आत टाकतील, असं हवालदाराने मला बाहेर बजावलं होतं. मी गप्प राहिलो. सहा जणांना जन्मठेप झाली. बाकीच्यांना इतरांनीही पाहिलं होतं. जनूला फक्त मी.

पुढच्या वर्षीची, तो नसलेली पहिली लावणी मला अजून आठवते. माझी रोपं लांब लांब पडत होती आणि कोणी काही बोलत नव्हतं.

लावणी संपल्यावर ठमाबाई आमच्या ओट्याशी आली. भांडायला आली असती तर सोपं गेलं असतं.

"भाऊ, तू सांग ना रं वकिलाला. इरलं कोनबी नेतंय."

आम्ही कल्याणला वकिलांकडे गेलो. गुरुदत्त वकिलांनी ऐकून घेतलं आणि टेबलावर हात आपटला. "हे तेव्हा बोलायला काय झालं होतं? अपिलात हायकोर्ट कागद वाचतं हो. तुम्हाला परत उभं करून विचारायचं म्हटलं तर सरकारी वकील म्हणेल, आरोपीच्या बायकोने पढवून आणलाय. तुम्हा दोघांना एकत्र येताना बघितलं असेलच कोणीतरी!"

ठमाबाई खाली बसून राहिली. वकील माझ्या साक्षीचे कागद पुन्हा चाळत होते. पहिल्याच पानावर ते थांबले.

"तुम्ही नदीकडे कशाला गेला होतात, हे सरकारी वकिलाने विचारलं होतं. काय उत्तर दिलंत?"

"दावं तोडून म्हैस गेली होती, ती बघायला."

"अहो, पुढचं वाक्य!"

मला आठवेना. त्यांनी वाचून दाखवलं, 'मी जनूच्या पडवीतलं इरलं घेतलं आणि निघालो.'

मी म्हणालो, "हो. त्यात काय?"

वकील ठमाबाईकडे वळून म्हणाले, "दुसऱ्याचं इरलं कोणीही उचलतं, हे कागदावर आधीच आलंय. ह्या माणसाने तुमच्या नवऱ्याला अडकवलं आणि सोडवलंही. दोन्ही न कळता."

त्या वर्षीच्या, म्हणजे १९५३च्या डिसेंबरात अपील सुनावणीला निघालं. हायकोर्टात मी आणि ठमाबाई शेवटच्या बाकावर. सगळं इंग्रजीत. मध्येच एक न्यायमूर्ती काहीतरी बोलले आणि वकील मंडळी हसली. बाहेर आल्यावर गुरुदत्त वकिलांनी सांगितलं, "साहेब म्हणाले, इरल्यावरूनच धरायचं तर पोलिसांनी ह्या साक्षीदारालाच का नाही धरलं?"

जनू सुटला. बाकी पाच जणांची शिक्षा कायम राहिली. ठमाबाई हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं, त्या पाहण्यातच माझं नाव त्या घरातून पुसलं गेलं.

जनू त्या वेळी नदीवर होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही. शिरगावच्या बाजूला बांध घालत होतो, असं तो म्हणाला होता. त्याला तिथे कोणी पाहिलेलं नव्हतं.

परत आल्यावर तो अंबरनाथला कारखान्यात लागला. त्याने काळी छत्री घेतली आणि कापडावर पांढऱ्या रंगाने आपलं नाव लिहून घेतलं. अक्षरं मोठी मोठी, लांबून वाचता येतील अशी. माझ्या दारावरून जायचा तेव्हा छत्री माझ्या बाजूला कलती धरायचा. मला त्याचं नाव दिसायचं, तोंड नाही. पडवीतली इरली त्याने आत नेली. हळूहळू सगळ्या आळीनेच नेली. पाऊस आला की लोक दार लावून आपापलं शोधायचे.

मी माझं बाहेरच ठेवलं. जनूच्या बाजूच्या खुंटीला, दर वर्षी. बायको म्हणायची, "पानं कुजतील, आत घ्या." मी म्हणायचो, राहू दे.

असे पाच पावसाळे गेले. १९५९ साली, लावणीच्या दिवसांत, एका रविवारी सकाळी खुंटी रिकामी दिसली. मी दिवसभर शेतावर गेलो नाही. ओट्यावर बसून होतो. दुपारी मात्र आईला औषध द्यायला आत गेलो, तेवढ्यात इरलं परत आलं होतं. ओलं, ठिबकत होतं. पाठीवरची फाटलेली पानं काढून तिथे ताजी घातली होती, आणि शेवटची गाठ उलटी होती, आतल्या बाजूला.

बायकोने विचारलं, "कोणी नेलं होतं?"

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो. इरलं पुन्हा त्याच खुंटीला नीट टांगलं, आणि त्याचं पाणी गळून संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो.